नळापासून पहिली

एका मंगळवारी चष्मेवाल्याला दफनभूमी कार्यालयाकडून पत्र आलं. त्याच्या आईला जगात कोणी विचारत नाही, असं त्यात अत्यंत सौजन्यपूर्ण भाषेत कळवलेलं होतं.

"सदर मृत महिलेस गेल्या तीन वर्षांत एकाही नातलगाने भेट दिल्याचे आढळून आलेले नाही. सबब तिला 'संबंधविहीन' घोषित करून, तिची जागा गरजू मृतास देण्याचे प्रस्तावित आहे. हरकत असल्यास मृत व्यक्तीने अथवा तिच्या वारसाने महिनाअखेरपर्यंत समक्ष हजर राहावे."

पत्र आलं तेव्हा चष्मेवाला एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होता. वाचता वाचता त्याने फ्रेम अशी दाबली, की गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, सांभाळून, डोळा माझा आहे." त्याने फ्रेम काढून ठेवली, गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं आणि तो दुकानामागच्या खोलीत बायकोकडे गेला.

"मी आईला भेटत नाही म्हणे! मी!"

त्याला राग येणं साहजिक होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून, फुलं घेऊन आईच्या कबरीवर जात असे. पाऊस असो, ताप असो, सासरची माणसं जेवायला यायची असोत, त्याचा रविवार चुकला नव्हता. सासरची माणसं यायची असली तर तो जरा जास्तच वेळ थांबे. गल्लीतल्या आया आपल्या मुलांना त्याचं उदाहरण देत, आणि मुलं त्याच्यावर मनातून दात धरून असत.

"बटण दाबायचं राहत असेल," बायको म्हणाली.

"राहत असेल? अगं, मी दोनदा दाबतो. एकदा माझं, एकदा ताईचं."

या बटणाबद्दल थोडं सांगायला हवं. नातलगांची आपुलकी घटत चालली आहे अशी ओरड झाली, तेव्हा ती नक्की किती घटली हे मोजण्यासाठी कार्यालयाने प्रत्येक कबरीच्या दगडावर दाराला असतं तसं घंटीचं बटण बसवलं. बटण दाबलं की कुठेही काही वाजत नसे; फक्त कार्यालयातल्या यंत्रात त्या कबरीच्या नावापुढचा आकडा एकाने वाढे. आवाज आत जात नाही आणि कोणाची झोपमोड होत नाही, याची एका तज्ज्ञ समितीने खात्री करून घेतली होती. ती कशी करून घेतली, हे समितीच्या अहवालात नमूद नाही.

चष्मेवाल्याची थोरली बहीण दूरच्या शहरात राहत होती. आईला मूठमाती दिली त्या दिवसानंतर ती इकडे फिरकली नव्हती, पण फोनवरून तिची देखरेख कडक होती. "माझ्या नावाने पण दाब रे," हे तिचंच सांगणं. पत्राची हकिगत ऐकल्यावर ती म्हणाली, "मला वाटलंच होतं." ताईला सगळं वाटलेलंच असे, घडून गेल्यावर.

"तुला काय वाटलं होतं, ताई?"

"तू मागे फोटो पाठवलास ना कबरीचा, तेव्हाच म्हटलं होतं मी. आईवर सावली होती. ह्या फोटोत रणरणतं ऊन आहे. तेव्हा तू मला काय म्हणालास? झाड वाढलं असेल दुसऱ्या अंगाला! अरे धाकट्या, झाड वाढलं की सावली वाढते का कमी होते?"

चष्मेवाल्याने 'ऐकू येत नाही, रेंज नाही' असं म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात गेला. तिथे 'भेट-अधिकारी' असं पद होतं आणि त्या पदावर एक गृहस्थ होते. त्यांच्या चष्म्याची एक काडी रबरबँडने बांधलेली होती आणि काचा निदान दोन नंबरांनी जुन्या होत्या, हे चष्मेवाल्याला दारातूनच कळलं. धंद्याची नजर जात नाही.

"आईला भेटता म्हणता. पुरावा?" भेट-अधिकाऱ्यांनी विचारलं.

"दर महिन्याला बटण दाबतो, साहेब. तुमच्या यंत्रात असेल की."

अधिकाऱ्यांनी पडद्याला नाक लावलं. "तुमच्या मातोश्री... नळ ओळ, नळापासून पहिली. भेटी शून्य."

"शक्यच नाही! मी नळाशी जातो, नळ ओलांडला की पहिलीच कबर. डोळे मिटूनसुद्धा जाईन."

"तसंच जात असाल," अधिकारी म्हणाले, आणि त्यांनी दफनभूमीचा नकाशा उघडला.

कबरी अशा मोजून ओळखण्याचं कारण म्हणजे दगडांवर नावं नव्हती. म्हणजे होती, पण खालच्या बाजूला. पूर्वी ती वरच कोरत. उन्हापावसाने अक्षरं झिजतात अशा तक्रारी आल्या, तेव्हा कार्यालयाने सगळे दगड एकसारखे करून घेतले आणि नावं सुरक्षित राहावीत म्हणून ती दगडाच्या खालच्या अंगाला कोरायचा नियम केला. तेव्हापासून एकही अक्षर झिजलेलं नाही. ती वाचायची सोय मात्र ज्याची त्यालाच उरली. नातलगांसाठी पत्ता ठरला तो असा: अमुक ओळ, अमुक खुणेपासून कितवी. कुणी विहिरीपासून आठवा होता, कुणी बाकापासून चौथी. चष्मेवाल्याची आई नळापासून पहिली होती, आणि हात धुवायला सोयीचं म्हणून त्याला त्याचा थोडा अभिमानही वाटे.

"नळ हललाय का हो?" चष्मेवाल्याने विचारलं.

"नळ आमच्याकडे येत नाही," अधिकारी म्हणाले. "नळ पाणीपुरवठ्याकडे. पण आता तुम्ही विषय काढलाच आहे म्हणून बघतो. हे बघा, तुमच्या मातोश्रींच्या पुढच्या कबरीला भेटीच भेटी आहेत. अख्ख्या दफनभूमीत पहिला नंबर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, न चुकता, दोन-दोन."

"कोणाची आहे ती?"

"चष्म्यांचे व्यापारी होते. तुमच्याच रस्त्यावर दुकान आहे बघा, समोरच्या बाजूला. आता मुलगा बघतो."

चष्मेवाला खुर्चीत बसला. खुर्ची तिथे होती हे त्याचं नशीब.

समोरचा म्हातारा म्हणजे काय चीज होती, ते सांगितल्याशिवाय हे दुःख कळायचं नाही. चष्मेवाल्याच्या आईने नवऱ्यामागे दुकान चालवलं, आणि समोरच्या म्हाताऱ्याने ते बंद पाडण्यासाठी जन्म घालवला. ही काचा स्वस्त करायची, तर तो फ्रेम फुकट द्यायचा. हिने 'डोळे तपासून मिळतील' अशी पाटी लावली, तर त्याने 'डोळे नीट तपासून मिळतील' अशी लावली. त्या माणसाचं नाव निघालं की आई उठून दुसऱ्या खोलीत जाई. आणि त्या माणसाला तिचा एकुलता एक मुलगा वर्षानुवर्षं इस्त्रीचा शर्ट घालून फुलं देत होता! नुसती फुलं नाहीत. आईशी बोलावं तसं तो कबरीशी मोकळेपणाने बोले. काचा कुठून स्वस्त मिळतात, कोणतं गिऱ्हाईक फुटायला आलंय, सगळं. समोरच्याच्या नावाने बोटं मोडायची ती त्याच्या बापापुढेच उभं राहून मोडली होती.

त्याहून झोंबली ती एक गोष्ट निराळीच. कार्यालय दरवर्षी सर्वाधिक भेटी मिळालेल्या मृताच्या वारसाला 'उत्तम अपत्य' असं प्रमाणपत्र देई. गेल्या वर्षी ते समोरच्याला मिळालं. त्याने ते सोनेरी चौकटीत दुकानात लावलं, आणि 'जो बापाला जपतो तो डोळ्यांना जपेल' म्हणत निम्मी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली. 'हा माणूस रविवारीसुद्धा दुकान बंद ठेवत नाही, ह्याला कसलं उत्तम अपत्य? वशिला असणार,' असं चष्मेवाला सगळ्यांना सांगत फिरला होता. वशिला होताच. तो चष्मेवाल्याचाच होता.

तो तिथून तडक पाणीपुरवठ्यात गेला. तिथले अभियंते चहा पीत होते. त्यांनी चहा संपवून नकाशा काढला.

"आमचा नळ जागेवर आहे."

"अहो, पूर्वी माझ्या आईच्या अलीकडे होता. आता पलीकडे आहे. एक कबर पुढे सरकलाय."

"बरोबर. जुन्या जागी पाइप गळत होता, म्हणून पुढे घेतला. पण तो तात्पुरता पुढे घेतलाय. तात्पुरत्या गोष्टी नकाशावर दाखवत नाहीत. त्यामुळे नकाशाप्रमाणे नळ हललेला नाही."

"मग जमिनीवर जो आहे, तो?"

"जमीन आमच्याकडे येत नाही," अभियंते म्हणाले.

"परत मागे घ्या की मग. किती वेळचं काम आहे?"

"जो हललाच नाही तो मागे कसा घेणार?" हे त्यांनी इतक्या शांतपणे विचारलं, की चष्मेवाल्याला क्षणभर आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटलं.

तो दफनभूमीत गेला. फाटकातून आत शिरून त्याने नळ गाठला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो नळाच्या अलीकडे थांबला. झाडाची गार सावली पडलेली होती. दगडावर पाचोळा साचला होता, कडेने गवत माजलं होतं आणि बटणावर कोळ्याने जाळं विणलं होतं. दगडाला एक पिवळा कागद चिकटवलेला होता: 'संबंधविहीन (प्रस्तावित)'. चष्मेवाल्याला रडू आलं. अंगातला शर्ट काढून त्याने दगड पुसला, आणि मग कोणी बघत नाही असं पाहून बटण दाबलं. एकदा, दोनदा, दहादा दाबलं. झाडाला पाणी घालणारा माळी लांबूनच ओरडला, "अहो, ते बंद केलंय! कागद लागला की कनेक्शन तोडतात!"

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "मग आता?"

"समोरच्याच्या पाया पडायला लागणार."

समोरच्याने त्याला दुकानात बसवलं, थंड पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवली. मागच्या भिंतीवर प्रमाणपत्र चमकत होतं.

"म्हणजे तुम्ही माझ्या वडिलांना जे भेटत होतात, ते चुकून?"

"चुकून. त्या भेटी माझ्या आईच्या खात्यावर जमा करायला तुमची संमती लागते. एक सही करा, उपकार होतील."

"अहो, पण तुम्ही फुलं दिलीत. तास-तासभर बोललात. आता ते सगळं काढून घ्यायचं म्हणजे... वडिलांना काय वाटेल?" समोरच्याचा आवाज खरोखरच दाटून आला. "आणि तुमच्याच तोंडून आत्ता कळतंय, मीसुद्धा वर्षातून एकदा जाऊन तिसऱ्याच कुणापुढे उभा राहतोय. मी कुणाकडे भेटी परत मागतोय का?"

हा मुद्दा बरोबर होता. नळ एक कबर पुढे गेल्यापासून त्या ओळीतला प्रत्येक माणूस आपल्या माणसाच्या पुढच्याला भेटत होता. पहिलीला कोणीच उरलं नव्हतं, आणि शेवटच्या कबरीची माणसं, म्हणजे एक मावशी आणि तिच्या दोन सुना, ओळीबाहेरच्या पाल्यापाचोळ्याच्या खताच्या खड्ड्यापुढे उभं राहून डोळे पुसत होत्या. आपल्या कबरीला बटणच नाही अशी मावशींनी तक्रार केली, तेव्हा कार्यालयाने तत्परतेने खड्ड्याला बटण बसवून दिलं होतं. खड्ड्याची हजेरी बऱ्यापैकी होती.

प्रकरण एवढं व्यापक आहे म्हटल्यावर कार्यालयाने ओळीतल्या सर्व नातलगांची सभा बोलावली. भेट-अधिकारी उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला.

"झाल्या प्रकाराबद्दल कार्यालयाला खेद आहे. आपल्यापुढे तीन मार्ग आहेत. नळ हलवणे, कबरी हलवणे किंवा नाती हलवणे. नळ आपल्याकडे येत नाही. कबरी हलवायला खर्च येतो. नाती हलवायला फक्त एक शिक्का लागतो."

"म्हणजे कसं?" कोणीतरी विचारलं.

"प्रत्यक्ष भेटींनुसार नातं नियमित करायचं. जो ज्याला इतकी वर्षं भेटत आला, तो त्याचा. तुमच्या एकाही भेटीला धक्का लागणार नाही."

चष्मेवाल्याला वाटलं, आता इथे दंगल होणार. कोणी खुर्ची उचलेल, कोणी 'माझा बाप' म्हणून हंबरडा फोडेल. सभागृहात थोडी कुजबुज झाली खरी, पण ती हिशेबाची होती. निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारलं, "जुन्या भेटी धरणार ना? नाहीतर आम्ही एवढी वर्षं ऊन खाल्लं ते फुकट जायचं." धरणार, असं सांगितल्यावर ते समाधानाने खाली बसले. समोरच्याच्या वाट्याला डोळ्यांचे एक नामांकित सर्जन आले. 'नामांकित नेत्रशल्यविशारदांचे सुपुत्र' अशी पाटी लावता येईल का, एवढंच त्याने विचारलं. सगळ्यांनी मावशींकडे बघितलं.

"मावशी, तुमच्याकडे खड्डा येतोय. चालेल?"

मावशींनी सुनांकडे पाहिलं, मग पदराने चेहरा पुसला. "आता सवय झालीये हो. यांच्यापुढे कधी एवढं मन मोकळं झालं नव्हतं, जेवढं तिथे होतं. आणि खड्डा उलटून बोलत नाही."

चष्मेवाला एकटाच उभा राहिला. "अहो, ही काय थट्टा आहे? माझ्या आईचं काय? तिच्या वाट्याला कोण?"

"तिच्या वाट्याला कोणी येत नाही," अधिकारी दिलगिरीने म्हणाले. "ओळीत एक मृत जास्त होतो. आणि उपेक्षा करणाऱ्या वारसाला पुन्हा संधी द्यायची तरतूद नियमांत नाही. तुम्ही तिचा मुलगा आहात, हीच अडचण आहे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तिऱ्हाईत असतात तर गोष्ट वेगळी होती."

"म्हणजे?"

"संबंधविहीन मृताला एखादा परका माणूस दत्तक घेऊ शकतो. नातलग नसल्याची खात्री पटली की परवाना देतो आम्ही. आता तुम्ही जर नियमित व्हायला सही केलीत, तर तुम्ही समोरच्यांच्या वडिलांचा मुलगा व्हाल. मग या बाईंचे तुम्ही कोण? कोणीच नाही. अर्ज करा, परीक्षा द्या, हक्काने भेटा."

चष्मेवाला रात्रभर कूस बदलत राहिला. सकाळी ताईला फोन लावला. ती म्हणाली, "मला विचारशील तर हे चूक आहे. पण मला यायला जमणार नाही, तेव्हा तुझं तू बघ." महिनाअखेर तोंडावर आली होती. त्याने कार्यालयात जाऊन सही केली, आणि आईला वाचवण्यासाठी तो तिचा मुलगा राहिला नाही. सही होताच कारकुनाने टेबलाखालून एक सोनेरी चौकट काढून त्याच्या हातात दिली. सर्वाधिक भेटी आता त्याच्या नावावर होत्या. या वर्षीचा 'उत्तम अपत्य' तोच होता.

"हे मी दुकानात लावणार नाही," त्याने घरी सांगितलं.

"नका लावू," बायको म्हणाली, आणि तो हातपाय धुवायला गेला तेवढ्यात तिने खिळा ठोकला. संध्याकाळपर्यंत तीन गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून परत आली. मग त्यानेही चौकट जराशी सरळ केली, तिरकी दिसत होती म्हणून.

परीक्षा तोंडी होती. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि रबरबँडच्या चष्म्यातले भेट-अधिकारी. त्यांनी नियम समजावून सांगितले. "नातलग परके बनून आत घुसतात, असा संशय असल्यामुळे ही परीक्षा ठेवली आहे. मृत व्यक्तीबद्दल प्रश्न विचारीन. खरं उत्तर आलं, की तुम्ही नातलग ठराल आणि अर्ज बाद. जेवढं कमी माहीत, तेवढे गुण जास्त. खोटं बोललेलं आम्हाला चेहऱ्यावरून कळतं."

चष्मेवाला तयारीनेच आला होता. आपल्याला सगळं येतंय आणि आपण दाबून ठेवतोय, हे चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तो आठवडाभर आरशापुढे उभा राहिला होता.

"मृत बाईंना लहानपणी घरात काय नावाने हाक मारत?"

माहीत नाही म्हणायचं, असं त्याने मनाशी घोकलं. मग त्याच्या लक्षात आलं की त्याला खरंच माहीत नाही. "माहीत नाही," तो म्हणाला.

"छान. दुकान सांभाळायला लागण्याआधी त्यांना काय व्हायचं होतं?"

तो विचार करू लागला. आईला काही व्हायचं होतं? "माहीत नाही."

"पोट धरून हसायच्या, ते कशाला?"

आई हसायची. तोंडावर हात धरून हसायची, एवढं त्याला दिसत होतं. ती कशाला हसतेय हे विचारायला तो कधी थांबला नव्हता. दुकान उघडायची वेळ झालेली असे. "माहीत नाही."

"फार वाईट वाटलं की त्या कुणाशी बोलत?"

"माहीत नाही." त्याचा आवाज आता बारीक झाला होता. चेहऱ्यावर काही दाबून ठेवायची गरजच पडत नव्हती. आपण दर महिन्याला तासभर कबरीशी बोललो, पण बोललो ते सगळं आपल्याबद्दल, हे त्याला त्या खुर्चीत बसल्याबसल्या उमगलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शेवटचा प्रश्न. मृत बाईंचे डोळे."

चष्मेवाल्याने एकदम मान वर केली. हे तो ओळखत होता. आईचे डोळे त्यानेच तपासले होते, शेवटपर्यंत. उजव्याचा नंबर, डाव्याचा नंबर, जवळचा, लांबचा, कोणत्या वर्षी किती वाढला, सगळं त्याच्या जिभेवर आलं. एक शब्द बाहेर पडला असता, तर तो मुलगा ठरला असता आणि आई गेली असती. त्याने जीभ चावली, पण मनातून त्याला केवढा आनंद झाला! मी परका नाही, मला येतंय, मला हे येतंय!

"त्यांचा रंग कोणता होता?" अधिकाऱ्यांनी प्रश्न पुरा केला.

खोलीत पंखा फिरत होता. चष्मेवाल्याने डोळे मिटले, आईचा चेहरा समोर आणला, तिच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवली, फ्रेममध्ये काचा घातल्या. काचांच्या मागे त्याला काहीच दिसेना.

"माहीत नाही," तो म्हणाला.

अधिकाऱ्यांनी उभं राहून त्याच्याशी हात मिळवला. "पैकीच्या पैकी! अभिनंदन. तुम्ही अस्सल तिऱ्हाईत आहात."

"साहेब," चष्मेवाल्याने दारातून वळून विचारलं, "ह्या परीक्षेत आजवर किती नातलग पकडले गेले?"

"एकही नाही."

"म्हणजे नातलग येतच नाहीत का?"

"येतात हो," अधिकारी चष्म्याची काडी चाचपत म्हणाले. "सगळे नातलगच येतात. परका कशाला येईल?"

चष्मेवाला परवाना घेऊन दफनभूमीत गेला. पिवळा कागद काढलेला होता, बटण जोडून दिलेलं होतं. परवान्यावर अट होती की तिऱ्हाइताने पहिल्या भेटीत स्वतःची ओळख करून द्यावी. तो सावलीत उभा राहिला. "नमस्कार," तो म्हणाला. "मी चष्मे करतो." पुढे काय बोलावं ते त्याला सुचेना. दुकानाबद्दल बोलायची लाज वाटली. शेवटी त्याने ताईला फोन लावला आणि सगळे प्रश्न एकेक करून तिला विचारले. "हे काय विचारणं झालं?" असं म्हणून ताईने सुरुवात केली, आणि ती थांबली.

मग ती म्हणाली, "धाकट्या, डोळे काळेच असतील ना रे?"

"असतील म्हणू नकोस, ताई. माहीत असेल तर सांग."

"त्या साहेबांकडून माझ्यासाठीही एक अर्ज आण," ताई म्हणाली. "तिऱ्हाइताचा."

या योजनेला मिळालेलं यश पाहून कार्यालयाने ही परीक्षा आता ज्यांचे आईवडील हयात आहेत अशा मुलांसाठीही खुली केली आहे. प्रश्न तेच आहेत आणि नापास होण्याची भीती कोणीही बाळगू नये, असं फाटकावरच्या सूचनेत म्हटलं आहे. आपण आत्ता जिथे बसून हे वाचत आहात तिथे बसूनच उत्तरं दिली तरी चालतील. मात्र शेवटच्या प्रश्नासाठी मध्येच उठून आतल्या खोलीत बघून आल्यास ती कॉपी धरली जाईल.